पाव ते पाऊण रेस : एका साडेतीनशेच्या कार्बोरेटरचं प्रकरण

गाडी राजदूत ३५०. यामाहाच्या आरडीवरून १९८३ पासून काही वर्षं आपल्याकडे बनलेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, रीड व्हॉल्व, सहा गिअर, आणि प्रत्येक सिलिंडरला आपापला २८ मिमीचा मिकुनी कार्बोरेटर. ही गाडी मात्र कंपनीतून निघाली तशी राहिलेली नव्हती. पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या ये-जा वाटा, घासलेले, एक्स्पान्शन चेंबरचे, म्हणजे मध्ये फुगलेले, एक्झॉस्टचे दोन पाइप, ऑइल पंप काढून टाकलेला, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवायची. मालक निपाणीकडचा, घरची तंबाखू आणि ऊस, वय बावीस. गाडी छोट्या टेम्पोत घालून तो बेळगावला खानापूर रोडवरच्या माझ्या गॅरेजात आला तेव्हा त्याच्या हातात बिस्किटांचा एक डबा होता. डब्यात मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे. १७० पासून २३० पर्यंत, मिळतील तेवढे सगळे नंबर.

"काका, वरती लई पळतीय. मधीच भरून येतीय."

तक्रार नेमकी अशी. आखूड ट्रॅकवर वळणातून बाहेर येताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, रेस हळूहळू वाढवली की गाडी घुसमटायची. भक-भक-भक असा आवाज, धूर, ओढ नाही. मग सात हजार आरपीएमला अचानक सगळी ताकद एकदम यायची आणि मागचं चाक बाजूला पळायचं. दोनदा पडला होता. त्याचे वडील, आप्पा, टेम्पोतून उतरून मला बाजूला घेऊन म्हणाले, "पळायला नको म्हणत नाही मी, पण पोरगं हातापायांनी धड राहू दे." त्या वाक्यानं माझ्यासाठी काम ठरलं. वरच्या टोकाची ताकद पुरेशी होती. मधला पट्टा सरळ करायचा, म्हणजे रेस जेवढी द्यावी तेवढीच ताकद मागच्या चाकाला पोचेल.

आधी ज्या दोन ठिकाणी गाडी दाखवली होती तिथे दोन्हीकडे मेन जेटच बदलले गेले होते. हे मी पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण यात पोरांचे पैसे जातात आणि पिस्टनही जातात. या कार्बोरेटरमध्ये मेन जेटची सत्ता पाऊण रेसच्या पुढे चालते. त्याखाली पाव ते पाऊण हा सगळा मुलूख सुईचा आणि सुई ज्या नळीत वर-खाली होते त्या नीडल जेटचा. पावच्या खाली स्लाइडच्या, म्हणजे मूठ फिरवली की सुईसकट वर उचलणाऱ्या झडपेच्या, कापाचा, आणि अगदी खाली, आयडलला, पायलट जेट आणि एअर स्क्रूचा. पोरगा पाव ते अर्ध्या रेसला अडखळत होता आणि इलाज चालला होता पाऊणच्या पुढचा.

पहिलं काम रेसच्या मुठीवर खुणा करण्याचं. ही गोष्ट मी मन लावून करतो. मूठ किती फिरली यावरून अंदाज चुकतो, म्हणून स्लाइड खरोखर किती उचलली ते मोजायचं. २८ मिमीच्या तोंडाला पाव म्हणजे ७ मिमी, अर्धी म्हणजे १४, पाऊण म्हणजे २१. एअर फिल्टर काढला, ७ मिमीच्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी स्लाइडखाली सरकवली, मूठ हळू सोडली. स्लाइड दांडीवर टेकली की मुठीवर आणि मुठीच्या स्थिर घरावर पांढऱ्या चिकटपट्टीची समोरासमोर खूण. तसंच १४ आणि २१ ला. हे करतानाच दिसलं की डावी स्लाइड उजवीपेक्षा मिलिमीटरभर उशिरा उचलत होती, म्हणजे दोन सिलिंडर दोन वेगळ्या रेसवर चालत होते. दोन्ही केबली सारख्या केल्या. एवढ्यानंच आयडलचा आवाज बसला.

पण कार्बोरेटरला हात लावण्याआधी इंजिन हवाबंद आहे का ते बघायलाच हवं. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हेच त्याचं पंपघर. तिथून हवा आत शिरत असेल तर कोणताही जेट खरं बोलणार नाही. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद केली आणि एकेका बाजूला सायकलच्या पंपानं ६ पीएसआय हवा भरली. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको. उजवी बाजू थांबली. डावी वीस सेकंदांत शून्यावर. मॅग्नेटच्या बाजूच्या ऑइल सीलवर साबणाचं पाणी सोडलं तर फेस.

सील बदललं, पॉइंटचं टायमिंग दोन्ही सिलिंडरना डायल गेजनं लावलं, गाडी फिरवली. आधीपेक्षा वाईट! पाव रेसला आता ती जवळपास बंदच पडायला लागली. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मला मात्र बरं वाटलं, आणि का ते त्याला बसवून सांगितलं. फुटक्या सीलमधून आत येणारी फुकटची हवा आजवर डाव्या बाजूचं जादा पेट्रोल झाकत होती. म्हणजे डावीकडे दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना सांभाळून घेत होत्या. एक काढली, दुसरी उघडी पडली.

दुसरी चूक सापडली उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीत.

कार्बोरेटर खोलून दोन्ही नीडल जेट काढले. दोन्हींवर पी-० असा ठसा. मिकुनीच्या या मालिकेत पी-० म्हणजे भोक २.६५० मिमी. त्यापुढचा आकडा एकानं वाढला की भोक ०.००५ मिमीनं वाढतं, अक्षर बदललं की ०.०५० नं. भिंगातून डावा जेट मला डोळ्यालाच खटकला. एका कडेला चंद्रकोरीसारखी चकाकी होती. उद्यमबागेत माझ्या एका स्नेह्याचं टूलरूम आहे, पंपाचे बारीक भाग करतात. त्यांच्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर दोन्ही जेट ठेवले. वीसपट मोठी सावली काचेवर पडली. उजवा जेट म्हणजे ५३ मिमीचा स्वच्छ गोल. डावा आडवा ५३ आणि उभा ५४ च्या वर, अंड्यासारखा. मशीनवरचा कन्नड गडी काचेवर बोट फिरवून म्हणाला, "स्वल्प." थोडंसंच. हिशेब केला तर ते थोडंसं नव्हतं.

सुईचा वरचा सरळ भाग मायक्रोमीटरवर २.५१५ मिमी भरला. पेट्रोल जातं ते भोक आणि सुई यांच्यामधल्या कंकणासारख्या फटीतून. भोक गोल २.६५ असेल तर ही फट साधारण ०.५५ चौरस मिमी. भोक २.६५ गुणिले २.७१ असं लांबट झालं की फट ०.६७. म्हणजे पाव रेसच्या पट्ट्यात डाव्या सिलिंडरला जवळजवळ २३ टक्के जास्त पेट्रोल! इंजिन थरथरतं, सुई नळीत सतत एका कडेला घासते, वर्षानुवर्षांनी पितळ झिजतं. बाहेरून काहीच कळत नाही, ठसा पी-० च राहतो.

नवे जेट मागवले ते दोन नाही, सहा. बाजारात या गाडीचे नकली भाग इतके आहेत की ठशावर विश्वास टाकवत नाही. त्याच टूलरूममध्ये पिन गेज घालून बघितले. पी-० ठशाच्या एका जेटमध्ये २.६७ ची पिन सहज उतरली. सहांतून जुळणारी जोडी निवडली, बाकीच्यांवर खरं माप कोरून ठेवलं. फ्लोटची सुई आणि सीट, म्हणजे वाटीत पेट्रोल किती शिरू द्यायचं ते ठरवणारी जोडी, दोन्हींकडे नवी घातली आणि खालच्या बुचाला पारदर्शक नळी लावून दोन्ही वाट्यांतली पेट्रोलची पातळी एक केली.

आता खरं ट्यूनिंग. शहराबाहेर एका बंद खडी-क्रशरचा खासगी रस्ता आहे, सातशे मीटर, थोडा चढ. मालकाला विचारून तिथे जातो. चढ असला की इंजिनवर भार राहतो आणि खोड लपत नाही. वेळ ठरलेली, सकाळी सात ते नऊ. जानेवारीत आमच्याकडे सकाळ आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यानं हवेची घनता पाच टक्क्यांनी बदलते. सकाळी एक आणि दुपारी दुसरा जेट लावून तुलना करणारा स्वतःचीच फसवणूक करतो.

सुरुवात मेन जेटपासूनच केली, कारण तो खालच्या पट्ट्यातही थोडा डोकावतो. पूर्ण रेस, चौथा गिअर, मग क्लच दाबून एकदम किल स्विच, आणि प्लग काढून आतल्या पोर्सेलिनच्या मुळाशी बघायचं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे प्लगचा रंग पूर्वीसारखा चटकन बोलत नाही. नवा प्लग घालून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. जुन्या वह्यांतले जेटचे नंबरही यामुळेच जसेच्या तसे चालत नाहीत. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. जेट तोच ठेवला तर इंजिन सात-आठ टक्के लीन होतं, म्हणजे त्याला हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. हे इथेनॉल आमच्याच चिकोडी-अथणीकडच्या उसाचं असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. फक्त १९८० च्या दशकातला आकडा आजच्या टाकीला लावू नका, पिस्टन धरेल. तेलाचं प्रमाण १:३० कायम ठेवलं. तेल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, हेही कितीजण विसरतात.

मेन जेट २१० वर ठरला. डब्यातला.

मग सुई. सुईला स्लाइडमध्ये धरणारी क्लिप पाच खाचांपैकी मधल्या, वरून तिसऱ्या खाचेत होती. पोरगा पाव आणि अर्ध्या खुणेच्या मध्ये मूठ धरून तिसऱ्या गिअरला चढला, मग तीच खूण धरून चौथ्याला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून फक्त ऐकत होतो. दोन्ही वेळा तीच भकभक, जरा कमी झालेली. तिसऱ्या गिअरला साडेपाच हजारांवर, चौथ्याला साडेचारवर. आरपीएम वेगळा, रेस तीच.

या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. खोड रेसच्या खुणेबरोबर फिरत असेल तर ती कार्बोरेटरची. खोड रेस कितीही असली तरी एकाच आरपीएमला येत असेल तर ती पाइपची, पोर्टची किंवा इग्निशनची. नुसतं "मिडरेंजला अडखळते" म्हणण्यात या दोन वेगळ्या आजारांना एकच नाव मिळतं आणि औषध चुकतं.

क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई खाली गेली, पेट्रोल कमी. अर्ध्या रेसला गाडी स्वच्छ झाली. पोरगा खूश. पण पाऊण खुणेवर, पाइप लागल्यावर, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपातल्या लहरींनी सिलिंडर जास्त भरायला लागल्यावर, आवाज कोरडा आणि टणक झाला, बारीक टकटक ऐकू आली. मी हात वर करून थांबवलं. प्लग पांढरट, म्हणजे पेट्रोल कमी. तिथे अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या तर पिस्टन सिलिंडरला चिकटला असता. क्लिप परत तिसऱ्या खाचेत.

म्हणजे पेच असा की पाव ते अर्धी रेसला पेट्रोल जास्त आणि पाऊणला बरोबर. खाली पाइप लागलेला नसतो, सिलिंडर नीट भरत नाही, म्हणून कमी पेट्रोल पुरतं. पाइप लागला की हवा एकदम वाढते आणि इंजिन पेट्रोल मागतं. क्लिप हलवून दोन्ही टोकं एकाच दिशेला सरकतात. मला फक्त खालचं टोक सरकवायचं होतं.

उत्तर नीडल जेटमध्ये होतं. पी-० च्या जागी ओ-८, म्हणजे २.६५० च्या जागी २.६४०. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. पण तो सगळीकडे सारखा लागत नाही. सुईचा सरळ भाग भोकात असताना फट मुळातच अरुंद असते, तिथे या बदलानं साडेसात टक्के पेट्रोल कमी होतं. वर, जिथे सुई निमुळती होऊन २.३ मिमीची झालेली असते, तिथे फट मोठी असल्यानं घट फक्त तीन टक्के. आणि ती तीन टक्क्यांची तूट क्लिप एक खाच खाली, चौथ्यात नेऊन भरून निघते, कारण सुई वर उचलली तरी सरळ भाग भोकात आहे तोवर पाव रेसला काही फरक पडत नाही.

ओ-८, क्लिप चौथी. पहिल्याच फेरीत आवाज बदलला. पाव खुणेपासून एकसलग गुरगुर, मग चढत जाणारा सूर, मध्ये कुठेही तुकडा नाही. पोरगा रस्त्याच्या टोकाला पोचून वळलाच नाही, तिथेच गाडी उभी करून बसून राहिला. मी चालत गेलो तर म्हणाला, "काका, आता हातात आली."

घड्याळही लावलं. तिसरा गिअर, अर्धी रेस, साडेचार हजारांपासून सात हजारांपर्यंत. आधी पाच फेऱ्यांची सरासरी ५.२ सेकंद, आता ४.१. दोन्ही वेळा जाऊन-येऊन, वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून. एअर स्क्रू दीड फेऱ्यांवर समाधानी होता, पायलट जेटला हात लावावा लागला नाही. मधल्या दिवसांत कुणीतरी त्याला स्लाइडचा काप कानशीनं वाढव असं सांगितलं होतं. मी स्पष्ट नाही म्हणालो. घासलेलं धातू परत येत नाही, आणि गरज संपलेली होती.

तरी ताकदीत एक खड्डा उरला. अठ्ठावन्नशे ते त्रेसष्टशे, अर्धी, पाऊण, पूर्ण, रेस कुठलीही असो, तिथेच. वरच्या कसोटीप्रमाणे हा कार्बोरेटरचा नव्हता, म्हणून जेटचा डबा मी बंद करून कपाटावर ठेवला. पाइप फार वरच्या आरपीएमसाठी कापलेले होते, ताकदीचं शिखर साडेआठ हजारांवर. पाइपची ध्वनिलहरीची लांबी जवळपास ८५० मिमी होती, त्यात हेडरला ३० मिमीचा तुकडा जोडला तर शिखर तीनशे आरपीएमनं खाली यावं असा हिशेब निघाला. पत्रा वळवून जोड देणारे कारागीर उद्यमबागेत चांगले आहेत, दोन दिवसांत काम झालं. खड्डा पूर्ण गेला नाही. तो खाली सरकला आणि उथळ झाला, वरचं टोक थोडं लवकर संपायला लागलं. पोराला मी दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगितल्या आणि निवड त्याच्यावर सोडली. त्यानं तुकडा ठेवला.

शर्यत गोव्यात होती, समुद्रकाठच्या उंचीवर. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, इथली हवा खालच्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ. जेटमधून येणारं पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून मिश्रणात पडणारा फरक निम्मा, साडेतीन टक्के. इथे बरोबर असलेली गाडी खाली तेवढी लीन. आकडा लहान वाटतो, पण तो धोक्याच्या बाजूला आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो, साखळीला चहा घेतला, आणि ट्रॅकवर पोचल्यावर गाडी चालू करण्याआधी दोन्ही मेन जेट २२० केले, एअर स्क्रू पाव फेरी आत. सुई आणि नीडल जेट तसेच. तिथे साडेसात टक्क्यांची उडी घेण्याचं कारण नव्हतं.

पहिल्या सरावाला त्याला एवढंच सांगितलं की पाच फेऱ्या मार, पूर्ण रेस लांब धरू नकोस, आणि मी हात केला की सरळ पिटात ये. तो आला. मी दोन्ही प्लग काढून तळहातावर शेजारी ठेवले. डावा आणि उजवा, दोन्ही मुळाशी सारखे तपकिरी. महिन्याभरापूर्वी डावा काळा आणि ओला असायचा, उजवा कोरडा. आप्पा वाकून बघत होते, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन सारखे आहेत एवढं कळलं.

"वळणावर?" मी पोराला विचारलं.

"सुटतंय मागचं चाक, पण सांगून सुटतंय, काका. मूठ थोडी मागं घेतली की परत येतंय."

दुसऱ्या सरावाला आम्ही काही बदललं नाही.